दीड पट्टी वर

आमच्या घरात गाणं ऐकण्याची व्यवस्था उत्तम आहे. गाणं तेवढं ऐकायला मिळत नाही. पुढच्या खोलीत माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर आहेत. त्यांच्यामागे लाकडी मांडणीवर झाकणं नसलेले डबे आहेत. एका डब्यातून वायरी निघतात आणि दुसऱ्यात शिरतात. पाहुण्यांना वाटतं, दुरुस्ती चालू आहे. त्यांचा अंदाज बरोबर असतो. ती किती वर्षांपासून चालू आहे, एवढं फक्त मी सांगत नाही.

माझा नवरा नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होता. मशीन बंद पडू द्यायची नाही, हे त्याचं काम. निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा घरात बंद पडण्यासारखं काही नव्हतं. मिक्सर, कूलर, मी, सगळं सुरळीत चालत होतं. म्हणून त्यानं स्वतःच बंद पडणारी एक वस्तू बनवायला घेतली. बाजारातला तयार संच आणायचा नाही, सुटे बोर्ड मागवायचे आणि घरी जोडायचे, असा या छंदातल्या मंडळींचा दंडक असतो. तयार संच आणणारा माणूस त्यांना लग्नात विकतच्या पुरणपोळ्या वाढणाऱ्यासारखा वाटतो.

प्रकार थोडक्यात असा. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. ते यूएसबीच्या वायरीतून तळहाताएवढ्या एका हिरव्या बोर्डावर येतात. हा बोर्ड त्यांना रांगेत उभं करून ठरावीक वेगानं पुढे सोडतो. पुढच्या बोर्डावर त्या आकड्यांचा आवाज होतो, त्यापुढचा डबा तो मोठा करतो आणि स्पीकर तो शेजाऱ्यांपर्यंत पोचवतात. यातला पहिला, यूएसबीचा बोर्ड, हा आमच्या कुटुंबातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात आजारी सदस्य. कधी कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही, कधी ओळख दाखवून मध्येच विसरतो, कधी कूलरचं बटण दाबलं की बोर्ड रुसून गप्प बसतो. मग वायर काढायची, पुन्हा लावायची, दुसऱ्या भोकात लावायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. एवढं सगळं करून आवाज आला की नवरा खूश होतो आणि लगेच गाणं बंद करतो, कारण आता दुसरी वायर लावून पाहायची असते. आमच्या पुढच्या खोलीत मी गाण्याचा अंतरा क्वचितच ऐकला आहे.

त्याचं एक व्रतही आहे. त्याला ही मंडळी बिट परफेक्ट म्हणतात. फाइलमध्ये जे आकडे आहेत तेच्या तेच बोर्डापर्यंत पोचले पाहिजेत, वाटेत कॉम्प्युटरनं त्यांना बोटही लावता कामा नये. आवाज कमी करायचा तर पुढच्या डब्यावरची खुंटी फिरवायची, कॉम्प्युटरवर नाही. मी एकदा फोन आला म्हणून कॉम्प्युटरवरचा आवाज कमी केला होता, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चप्पल घालून गेले होते. त्याचे एक मित्र दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी स्वतःच्या घरी कॉम्प्युटरमध्येच बास जरा वाढवून घेतल्याचं कळलं, तेव्हा यानं त्यांच्याकडे जाणंच सोडलं. शेवटी संक्रांतीला तिळगूळ घेऊन मला जावं लागलं.

आता माझ्याबद्दल. मी बँकेत नोकरी केली आणि सकाळी गायले. माझ्या गाण्याच्या बाईंकडे मी लहानपणापासून शिकले, त्या जाईपर्यंत शिकले. पेटीवर डावीकडून मोजत गेलं की जी चौथी काळी पट्टी येते, ती काळी चार, हा माझा सा. बाईंनीच तो ठरवून दिला. रियाजाला पेटी घ्यायची नाही, असंही त्यांनीच सांगितलं होतं. पेटीवर गळा टेकला की तो आळशी होतो, असं त्या म्हणत. म्हणून माझी पेटी कपाटावर असते आणि पेटीवर नवऱ्याच्या बोर्डांची खोकी असतात. बाई होत्या तेव्हा नवऱ्यानं एक फार चांगलं काम केलं. त्यांच्या खोलीत माइक नेऊन, पंखा बंद करून, त्यांचा काळी चारला लावलेला तानपुरा रेकॉर्ड करून आणला. बाई गेल्या, तानपुरा त्यांच्या मुलीकडे गेला. माझ्याकडे ती फाइल राहिली. मोबाइलचा तानपुरा नवऱ्यानं घरात येऊ दिला नाही. त्याच्या मते तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो. त्यामुळे रोज सकाळी तो मला त्या मोठ्या स्पीकरवर बाईंचा तानपुरा लावून देत असे आणि मी गात असे. या छंदाबद्दल मी जे काही बोलते ते बोलून झाल्यावर हेही सांगायला हवं.

दरवर्षी गुरुपौर्णिमेला आम्ही बाईंच्या शिष्या एका छोट्या सभागृहात जमतो आणि प्रत्येकजणी गाते. बाईंनी बांधलेली एक रचना शेवटी मी गायची, असा शिरस्ता आहे. तिच्या अंतऱ्यात वरच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत जावं लागतं. तो पंचम लागला की समोर बसलेल्या सगळ्या बायकांना बाई आठवतात, आणि मलाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर परदेशातून एक खोकं आलं. यूएसबी बोर्डावर वेग सांभाळायला दोन चौकोनी धातूच्या टिकल्या असतात, त्यांना क्रिस्टल म्हणतात. दोन अशासाठी, की फाइली दोन जातीच्या असतात. सीडीच्या जातीच्या फाइलींना एक क्रिस्टल वेग देतो, व्हिडिओच्या जातीच्या फाइलींना दुसरा. नवऱ्याचं म्हणणं होतं की बोर्डाबरोबर आलेले क्रिस्टल थरथरतात. किती थरथरतात हे त्यानं मला सांगितलं, पण तो आकडा इतका लहान होता की मला तो ऐकूनच दया आली. नव्या क्रिस्टलांवरची अक्षरं भिंगातून वाचून त्यानं ते बसवले, अगरबत्ती लावली आणि रविवारी मित्रांना बोलावलं.

रविवारी सकाळी दोघं येतात. एक ते दाताचे डॉक्टर, दुसरे कामठीचे, त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तर्री-पोहे माझे, निकाल त्यांचा. त्या रविवारी गाणं सुरू झालं आणि कामठीवाले खुर्चीत पुढे सरकले.

"बाप्पा! काय जान आली गा याच्यात! वहिनी, आइका तं, गानं कसं उठून येऊन राहिलं!"

डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "टायमिंग. याला म्हणतात टायमिंग. आधी हे नव्हतं."

मी पोह्यांची ताटली हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, "मले तं हे गाणं पळून राहिल्यासारखं वाटते."

"ते पळणं नाही, वहिनी," डॉक्टर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तो वेगवानपणा आहे. आधी सिस्टिम मंद होती, तुमच्या कानाला त्याची सवय झाली." दात काढण्यापूर्वी ते पेशंटशी असंच बोलत असणार. मी आत जाऊन चहा ठेवला.

एकच खोट निघाली. गाण्यात अधूनमधून बारीकसं "टक्" व्हायचं. मग त्या "टक्"च्या मागे तिघं लागले. यूएसबीची वायर बदलली, मग तिच्याहून आखूड आणली, मग तिला खरखर अडवणारे काळे मणी घातले. बोर्डाला वीज कॉम्प्युटरकडून नको, वेगळी द्यायची म्हणून वेगळा डबा बनवला. उन्हाळा लागला तेव्हा संशय कूलरवर गेला आणि चांगल्या तापलेल्या दुपारी आम्ही कूलर बंद करून "टक्" ऐकत बसलो. घामाघूम होऊनही ते ऐकू येत होतंच. मग अर्थिंगचा नंबर लागला. अंगणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा आहे, उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, म्हणून त्याला पाणी घालावं लागतं. नवरा रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लागला. शेजारी माझा मोगरा माना टाकून उभा होता. त्याला अर्थिंगचं वाहून आलेलं पाणी मिळेल, असं मला सांगण्यात आलं.

याच महिन्यांत माझा आवाज गेला.

गेला म्हणजे बंद पडला नाही. उतरला. सकाळी तानपुऱ्याबरोबर सा लावायला बसले की गळा ताणावा लागायचा. मधल्या सप्तकात कशीबशी फिरायचे, वर गेलं की आवाज चिरकायचा. पंचम तर सोडाच, वरच्या गंधाराशीच दम संपायचा. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, थंडी संपली की सुटेल. थंडी संपली, उन्हाळा आला, सुटलं नाही. घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा घालून घसा पाहिला, सगळं छान आहे म्हणाले आणि माझं वय विचारलं. वय सांगितल्यावर त्यांना सगळं समजलं. बायकांचा आवाज या वयात उतरतोच, वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. मीही समजून घेतलं. या वयात बाईला काहीही झालं की त्याचं कारण तयार असतं, शोधायला कोणी जात नाही. मी स्वतःही गेले नाही.

मी ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यायले, आंबट सोडलं. नागपुरात राहून मी ऐन हंगामात संत्र्याला हात लावला नाही, यावरून माझी अवस्था कळावी. स्वयंपाकघरात गुणगुणताना मात्र काहीच त्रास व्हायचा नाही. त्याचाही अर्थ मी लावला, की गुणगुणणं म्हणजे काही गाणं नव्हे. सगळी सिस्टिम सुधारत चालली होती आणि मी बिघडत चालले होते. पुढच्या खोलीत दर रविवारी "काय जान आहे!" व्हायचं आणि मी आत कांदा चिरत असायचे. कांद्याची मला त्या दिवसांत मदत झाली.

एकदा पुण्याहून मुलानं नव्या घराचा व्हिडिओ पाठवला. नवऱ्यानं तो सिस्टिमवर लावला. मुलाचा आवाज जड, सावकाश, झोपेतून उठल्यासारखा आला. मी म्हटलं, "याले सर्दी झाली का?"

नवरा म्हणाला, "सर्दी नाही वं. चांगल्या सिस्टिमवर आवाजाचं वजन कळते. मोठा झाला आता तो." मी फोन करून वाफ घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला काही झालेलं नाही." आमच्या घरात मुलगा वजनदार झाला होता, गाणी वेगवान झाली होती आणि मी म्हातारी झाले होते. तीन पुरावे समोर होते आणि आम्ही "टक्" शोधत होतो.

गुरुपौर्णिमा जवळ आली तेव्हा मी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या गुरुभगिनीला, ताईंना, फोन केला. म्हटलं, "ताई, शेवटची रचना यंदा दुसऱ्या कोणाला द्या. माझ्यानं काळी चार होत नाही."

ताई बाईंपेक्षा कडक. म्हणाल्या, "काहून होत नाही? नाही होत तं खाली गा. पांढरी तीनला गा. पण गा. आधी पेटी काढ, कुठं लागते ते पाहा आणि मले सांग. मी त्याच्यावर तानपुरे लावून ठेवते."

आपण किती उतरलो हे मोजायला पेटी काढायची, याइतकं अपमानाचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. नवरा अर्थिंगला पाणी घालत होता. मी खोकी उतरवली, पेटी काढली, धूळ पुसली. तानपुरा लावला नाही. डोळे मिटून जिथे गळ्याला बरं वाटेल तिथे सा लावला आणि खालच्या पट्ट्यांपासून एकेक दाबत त्याला शोधत वर आले. पांढरी तीन नाही. पांढरी चार नाही. काळी तीन नाही. पांढरी पाच जवळ आली, पण ती नव्हे. बोट पुढच्या काळीवर गेलं आणि माझा आवाज तिच्यात विरघळून गेला. मी डोळे उघडून पट्ट्या मोजल्या. काळी चार.

मला वाटलं, पेटी उतरली असेल. मग उठून तानपुरा लावला आणि पेटीवर काळी चार धरली. दोघांचं इतकं भांडण झालं की नवरा बादली घेऊन तसाच आत आला.

"पेटी बिघडली वं तुझी," तो म्हणाला.

"तुमचा तानपुरा बिघडला."

"बिट परफेक्ट आहे तो."

मी एकेक पट्टी दाबून दाखवली. तानपुरा पांढरी सहालाही बसत नव्हता आणि काळी पाचलाही. दोघींच्या मधोमध, जिथे पेटीला पट्टीच नाही, तिथे बाईंचा तानपुरा वाजत होता. बाईंनी असा सूर लावला असता तर त्यांनी स्वतःचा कान धरला असता. नवऱ्यानं खिशातून फोन काढला. त्यात सूर मोजायचं काहीतरी असतं. ते आधी पेटीसमोर धरलं, मग स्पीकरसमोर, मग पुन्हा पेटीसमोर. मग तो स्टुलावर बसला. त्याच्या हातातली बादली तशीच होती.

दीड पट्टीचा फरक पाहताच त्याला कळलं, दोन क्रिस्टल एकमेकांच्या जागी बसले होते. बस, एवढंच. सीडीच्या जातीच्या सगळ्या फाइली, बाईंचा तानपुरा धरून, व्हिडिओच्या वेगानं धावत होत्या आणि दीड पट्टी वर चढल्या होत्या. व्हिडिओच्या फाइली तेवढ्याच रेंगाळत होत्या, म्हणून मुलगा वजनदार. बोर्ड घाईघाईनं आकडे संपवायचा आणि पुढचे यायच्या आत मध्येच रिकामा बसायचा, तेच ते "टक्". क्रिस्टल किती बारीक थरथरतो हे या तिघांनी मोजलं होतं, पण तो कोणता आहे हे बसवल्यानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. गाणं वेळेआधी संपतंय हे कळण्यासाठी ते शेवटपर्यंत ऐकावं लागतं, आणि तसं या घरात कोणी करत नाही.

मला हसू आलं. मग मी खूप रडले. हे दोन्ही मी त्याच्यासमोर केलं आणि मुद्दाम केलं. त्यानं डबा उघडला, दोन टिकल्या उपटून अदलाबदल केल्या आणि तानपुरा लावला. बाईंचा तानपुरा आपल्या जागी येऊन बसला. मी सा लावला. गळ्याला काहीच करावं लागलं नाही. त्या संध्याकाळी मी संत्र्याचा हंगाम संपलेला असतानाही कुठून तरी दोन संत्री मिळवून खाल्ली. ती आंबट होती.

पुढच्या रविवारी नवऱ्यानं मित्रांना काही सांगितलं नाही, फक्त गाणं लावलं. "टक्" गेलं होतं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"काय केलं गा तू?" कामठीवाले म्हणाले. "मेली ना जान याची! झोपून गेल्यासारखं वाजून राहिलं."

डॉक्टर म्हणाले, "टायमिंग गेलं." मग खरा प्रकार कळल्यावर दोघांनी पोह्यांत लक्ष घातलं. पोहे संपत आले तेव्हा कामठीवाल्यांनी हळूच विचारलं, "पण आपल्यापुरतं, ऐकायपुरतं, ते उलटं लावून ठेवता नाही येत का?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण मी अंतऱ्यापर्यंत गेले.

सा सुटला होता, मधलं सप्तक सुटलं होतं, वरचा गंधार, मध्यम, सगळे परत आले होते. पंचम येत नव्हता. रोज सकाळी मी त्या जागेपर्यंत जायचे आणि आवाज तिथे फाटायचा. क्रिस्टल जागच्या जागी होते, तानपुरा काळी चारला होता, पेटीही साक्षीला होती. दीड पट्टी बोर्डानं चढवली होती हे खरं. पण गळा जो उरलेला एक पट्टीभर उतरला होता, तो माझा मीच उतरला होता. घशाचे डॉक्टर अगदीच चुकीचे नव्हते.

एका सकाळी मी मध्येच थांबले आणि नवऱ्याला म्हटलं, "बोर्ड बिघडला होता तेच बरं होतं. तेव्हा मले वाटे का सगळंच गेलं. आता समजून राहिलं नेमकं काय गेलं." मला फार वाईट वाटत होतं आणि ते मी लपवलं नाही. तो वायरीला गाठ मारत बसला होता. "होईन वं," एवढंच म्हणाला.

दोनचार दिवसांनी पंचम लागला. पहिल्या दिवशी जरा कापत, दुसऱ्या दिवशी नीट, तिसऱ्या दिवशी मी त्यावर ठाम उभी राहिले. माझा विश्वास बसेना. रियाजाचं फळ, बाईंचा आशीर्वाद, ज्येष्ठमध, जे आठवेल त्याला मी श्रेय दिलं. ताईंना फोन करून म्हटलं, काळी चारच ठेवा, मी गाते. ताई म्हणाल्या, "मी तं दुसऱ्या कोणाले सांगितलंच नव्हतं."

मग रविवार आला. माझा रियाज आटोपला आणि त्याच कॉम्प्युटरवर यांची गाणी सुरू झाली. मी आत पोह्यांवर तर्री घालत होते. बाहेरून कामठीवाल्यांचा आवाज आला, "आज आली गा जान! आज कसं भरून येऊन राहिलं!"

मी ताटल्या घेऊन दारात आले तेव्हा डॉक्टर कॉम्प्युटरवर वाकले होते. ते म्हणाले, "अरे, हे मध्ये काय चालू आहे? पिच म्हणून, सूर खाली-वर करणारं काहीतरी बसवलंय. चुकून राहिलं वाटतं. बंद करतो."

"त्याले हात नका लावू," नवरा म्हणाला.

"पण मग हे बिट परफेक्ट कुठे राहिलं?"

"नाही तं नाही."

डॉक्टर सरळ उभे राहिले. बासचा एक बारीकसा गुन्हा केला म्हणून ज्यांच्याकडे हा जात नव्हता, ते डॉक्टर. कामठीवाले म्हणाले, "काहून गा? तूच तं आम्हाले सांगत होता का..."

"आवाज चांगला येऊन राहिला ना तुम्हाले?" नवरा जरा मोठ्यानं म्हणाला. "मंग ऐका चूपचाप." तेवढ्यात त्याला मी दिसले. त्यानं मला पाहिलंच नाही असं दाखवलं आणि पोह्यांची ताटली घेतली. तिघांनीही मग एक पट्टी उतरलेली गाणी मनापासून ऐकली.

मित्रांना पोचवायला तो फाटकापर्यंत गेला तेव्हा मी तानपुरा लावून पेटी काढली. काळी चार दाबली. भांडण. तिच्या डावीकडची, पांढरी पाच, दाबली आणि दोन्ही सूर एक झाले. मला आधी राग आला. लहान मुलाला गुळातून औषध द्यावं तसं मला फसवलं, म्हणून आला. मग मला कॉम्प्युटरवरचा तो आवाजाचा दांडा आठवला, ज्याला मी एकदा हात लावला होता, आणि त्याची ती नजर आठवली. फाइल ते बोर्ड या रस्त्यात ज्यानं जगातल्या कोणाला उभं राहू दिलं नाही, त्यानं स्वतः तिथे बसून बाईंचा तानपुरा माझ्यासाठी एक पट्टी खाली उतरवला होता. रोज सकाळी मी उठायच्या आधी. पेटी परत कपाटावर ठेवली आणि तिच्यावर त्याची खोकी होती तशी रचली.

फाटक वाजायच्या आत मी ताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, माझे तानपुरे पांढरी पाचला लावा. आणि माइकवरून पट्टी सांगू नका."

"काहून?" ताई म्हणाल्या. "घरचे बसतात ना समोर?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तानपुरा लावून दिला आणि दारातच थांबला. एरवी थांबत नाही.

"बरोबर लागून राहिला ना वं सूर?"

"अगदी काळी चार," मी म्हटलं, आणि डोळे मिटून पांढरी पाचचा सा लावला.